तारेची जाडी आणि बोटांची तक्रार

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. बास गिटार नावाच्या वाद्याच्या तारा किती जाड असाव्यात आणि त्या जाडीचा वादकाच्या बोटांशी काय संबंध आहे, हा तो विषय. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने या उठाठेवीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, या प्रश्नापायी माझ्या हातून एका विद्यार्थिनीवर अन्याय झाला, आणि तो तारांच्या गणितानेच उघडकीस आला.

आमच्या चर्चच्या गायनवृंदाकडे एक जुनी बास गिटार आहे. रविवारच्या मिस्साला आणि सणावारी ती वाजते. मीही ती वाजवते, पण मध्यम प्रतीची; तालावर चार स्वर चुकू नयेत एवढीच माझी तयारी. दोन वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीला मी हे वाद्य शिकवायला घेतले. मुलगी तालाची पक्की, कानाची तयार. सहा महिन्यांत ती माझ्याहून सफाईने वाजवू लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, आखाती देशात नोकरीला असलेल्या एका सद्गृहस्थांनी वृंदासाठी तारांचा नवा संच पाठवला. जुन्या तारा काळवंडल्या होत्या, म्हणून आम्ही त्या उतरवून नव्या चढवल्या. पंधरा दिवसांत ती मुलगी वाजवताना मध्येच थांबू लागली. बोटांच्या टोकांना फोड आले. तिचे म्हणणे एकच होते, "टीचर, वाद्य पूर्वीसारखं राहिलं नाही." आणि बोट ठेवून दाखवायची ती सर्वांत बारीक तारेवर. "ही तार जास्त टोचते."

मला हे पटेना. त्रास व्हायचाच तर तो सर्वांत जाड तारेचा व्हावा, असे मी धरून चालले होते. मी तिला म्हटले, "नाताळ तोंडावर आलाय आणि तू सबबी सांगतेस. सराव कर, बोटं आपोआप घट्ट होतील." तिने मान हलवली, आठवडाभर सराव केला, आणि पुढच्या शनिवारी ती आलीच नाही.

आता मूळ विषयाकडे वळते. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. पाश्चात्त्य वाद्यवृंदात माणसाच्या उंचीहून थोर असे एक तंतुवाद्य उभे करून वाजवतात. त्याला डबल बास म्हणतात. खर्जाचा आधार देणे हे त्याचे काम. परंतु ते वाहून नेणे म्हणजे कपाट हलवण्यासारखे, आणि नाचगाण्याच्या गलबल्यात त्याचा आवाज पोचतही नसे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क यांनी आडवे धरून वाजवायचे, पडदे असलेले विजेवरचे बास वाद्य केले; पण त्याचा प्रसार झाला नाही. प्रसार झाला तो कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या 'प्रिसिजन बास' या वाद्याचा. त्याच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच होती, आणि आजही बहुसंख्य बास गिटारी याच मापाच्या असतात. तारा चार. डबल बासप्रमाणेच त्या ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. त्यांची कंपनसंख्या दर सेकंदाला अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८. गोव्याच्या ज्या वादकांनी मुंबईच्या चित्रपट-संगीताचे वाद्यवृंद वर्षानुवर्षे सांभाळले त्यांच्या हातांत आधी डबल बास होते, आणि पुढे ही गिटार आली. तेव्हा आपल्या कानांना हा आवाज अनोळखी नाही. फक्त नाव ठाऊक नसते.

तारांच्या वेष्टनावर ४५, ६५, ८५, १०५ असे आकडे छापलेले असतात. हा आकडा म्हणजे तारेचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. ४५ची तार म्हणजे सव्वा मिलिमीटरला थोडी कमी, आणि १०५ची म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या अलीकडे. येथे एक गोंधळ टाळला पाहिजे. साध्या तारेच्या दुकानात जी गेजची पद्धत चालते तिच्यात आकडा वाढला की तार बारीक होते. बास गिटारीच्या तारांत उलट आहे. आकडा मोठा तशी तार जाड. दुकानातल्या सवयीने बास गिटारीची तार मागवणाऱ्याच्या पदरी भलतीच तार पडायची.

मुलगी आली नाही त्या संध्याकाळी, मनाला टोचणी लागली म्हणून म्हणा, मी टाकून दिलेल्या जुन्या तारा शोधून काढल्या आणि सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज लावून मोजल्या. जुनी बारीक तार ४५ची निघाली, नवी ५०ची. इतर तारांचीही तीच गोष्ट: ६५च्या जागी ७०, ८५च्या जागी ९०, १०५च्या जागी ११०. प्रत्येक तार पाच हजारांश इंचाने जाड, म्हणजे वहीच्या फार तर दोन पानांएवढा फरक. एवढ्याने बोटांना फोड येतील हे मला तरीही खरे वाटेना. मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

तारेचा स्वर कशावर अवलंबून असतो, हे मनुष्याला फार उशिरा नीट कळले. तारेला दुप्पट वजन टांगले की स्वर एक सप्तक वर जातो, अशी समजूत पायथागोरसच्या नावावर शेकडो वर्षे चालत आली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे ज्योतिर्विद गॅलिलिओचे वडील, यांनी प्रत्यक्ष वजने टांगून दाखवले की दुप्पट नव्हे, चौपट वजन लागते. पुढे १६३६ साली मारँ मर्सेन या फ्रेंच संन्याशाने आपल्या संगीतविषयक ग्रंथात या नियमांची पूर्ण मांडणी केली. हे मिनिम संघाचे व्रतस्थ. मठात राहून तारा मोजीत बसलेले. आमच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण प्रार्थना आणि प्रयोग यांचे हाडवैर असते असे त्यांना कोणीतरी भरवलेले असते.

मर्सेन यांचा नियम शब्दांत असा. तार जितकी लांब तितका स्वर खाली. तार जितकी ताणावी तितका स्वर वर, पण स्वर दुप्पट करायला ताण चौपट हवा. आणि तार जितकी जड तितका स्वर खाली. तेथेही स्वर निम्मा करायला दर इंचामागचे वजन चौपट व्हावे लागते.

आपल्या तंबोऱ्यात ही गोष्ट रोज कानी पडते. चारही तारांची लांबी सारखीच. जोडाच्या तारा पोलादी आणि बारीक. खर्जाची तार मात्र जाड, आणि बहुधा पितळेची, कारण पितळ पोलादाहून जड असते. खर्ज मंद्र षड्ज देतो तो या वजनामुळे. खर्जासाठी जोडाचीच बारीक तार घेऊन ती सप्तकभर उतरवून पाहा. ती जवारीवर लोळत राहील, बोलणार नाही. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हे नियम कागदावर मांडीत नसतील, पण त्यांच्या हातांना ते पाठ असतात.

आता बास गिटारीला हाच नियम लावू. वाद्य तेच, म्हणून लांबी तीच. स्वरही तोच लावायचा आहे. तार मात्र जाड घेतली. जाड तार जड असते. आधीच्याच ताणावर ठेवली तर तिचा स्वर खाली जाईल. तो पुन्हा जागेवर आणण्यासाठी खुंटी पिळावी लागते, म्हणजे ताण वाढवावा लागतो. अंगणात कपडे वाळत घालायला एक बारीक नायलॉनची आणि एक काथ्याची जाड दोरी बांधून पाहा. दोन्ही सारख्याच चपळतेने थरथरायला हव्या असतील तर काथ्याची दोरी कितीतरी जोराने ओढून बांधावी लागेल. जाड म्हणजे सैल, मऊ, ढिली अशी आपली सहज समजूत असते. एकाच स्वरात लावलेल्या तारांच्या बाबतीत ती साफ चुकीची ठरते. जेवढ्या पटीने वजन वाढले तेवढ्याच पटीने ताण वाढतो. आणि वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

या वर्गातच माझ्या विद्यार्थिनीचे सगळे म्हणणे दडलेले होते. ४५च्या जागी ५०ची तार घातली. ५०ला ४५ने भागून वर्ग केला की १.२३ येतात, म्हणजे ताण शेकडा २३ने वाढला. ६५च्या जागी ७० घातली तर शेकडा १६. ८५च्या जागी ९० घातली तर शेकडा १२. आणि सर्वांत जाड तार १०५ची ११० केली, तर वाढ जेमतेम शेकडा १०. भर प्रत्येक तारेत सारखीच, पाच हजारांशांची. परंतु तीच भर बारीक तारेला भारी पडते आणि जाड तारेला जाणवतही नाही. श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच कर बसवावा, तसे हे झाले. मुलगी बारीक तारेकडे बोट दाखवत होती, आणि मी तिला सबबी सांगू नकोस म्हणत होते.

ठोकळमानाने किलोंत सांगायचे तर, सर्वसाधारण पोलादी तारांच्या जुन्या संचात जी तारेवर सुमारे साडेएकोणीस किलोंचा ताण येतो, डीवर तेवीस, एवर साडेएकवीस आणि ईवर साडेअठरा. पाहा, सर्वांत जाड तारेवर सर्वांत कमी ओढ! याचे कारण आकड्यांतच आहे. चारही तारांवर अगदी समान ओढ हवी असेल तर जाड्या स्वरांच्या उलट प्रमाणात हव्यात. ४५च्या जोडीला ६०, ८० आणि १०७. अशा समान ताणाचे संचही मिळतात. पण नेहमीच्या संचात ६५ आणि ८५ असल्यामुळे मधल्या दोन तारा अधिक ताठ होतात, आणि ई किंचित सैल राहते. नव्या संचात जी चोवीसवर गेली, डी साडेसव्वीसच्या वर, ए चोवीसवर. ई मात्र वीसच्या आसपासच घुटमळली. चारही मिळून ८२ किलोंचा भार ९५वर गेला.

येथे एक खुलासा करते. हे वर्गाचे गणित तारांची घडण सारखी असेल तरच लागू पडते. बास गिटारीची तार ही एकसंध तार नसते. मध्ये पोलादाची एक गाभ्याची तार, आणि तिच्याभोवती दुसरी तार शिस्तीने गुंडाळलेली. असे का करतात? ४१ कंपनांचा खोल स्वर मिळवायला वजन पुष्कळ हवे. पण एवढ्या जाडीची एकसंध पोलादी तार घेतली तर ती तार न राहता सळई होते. तारेचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: जाडी दुप्पट केली की ताठरपणा सोळापट. अशी सळई छेडली तर तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, आणि आवाज पत्र्यावर ठोकल्यासारखा येतो. म्हणून लवचीकपणा गाभ्याकडून घ्यायचा आणि वजन गुंडाळीकडून. सतराव्या शतकात आतड्याच्या तारांवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती निघाली तीही याचसाठी.

त्यामुळे दोन कारखान्यांच्या तारांवर आकडा एकच असला तरी एकीचा गाभा जाड आणि दुसरीचा बारीक असू शकतो, आणि हाताला त्या सारख्या लागत नाहीत. गुंडाळीची तार गोल असेल तर तारेवर बारीक खाचा राहतात. स्वर झळझळीत येतो आणि बोट सरकवताना खरखर जाणवते. गुंडाळी चपट्या पट्टीची असेल तर तार काचेसारखी गुळगुळीत होते, आवाज मऊ आणि गोल येतो. परंतु अशा तारेत फटी नसतात, धातू अधिक मावतो, आणि म्हणून त्याच आकड्याला ताण बहुधा जास्त पडतो. चपट्या गुंडाळीची तार गुळगुळीत दिसते म्हणून ती मऊच लागणार, असे समजून नवशिक्याला ती देऊ नये.

आता ताणाकडून बोटाकडे येऊ. वादकाला किलो कळत नाहीत. त्याला कळते ते पडद्यावर तार दाबताना लागणारे बळ आणि छेडताना तारेने दिलेला जबाब. आणि हे बळ केवळ ताणावर ठरत नाही. तार पडद्यापासून किती उंच आहे, म्हणजे तिला किती खाली न्यायचे आहे, यावरही ते तितकेच ठरते. तारेच्या मधोमध, बाराव्या पडद्यापाशी, जुन्या संचाच्या वेळी उंची अडीच मिलिमीटर होती. साडेएकोणीस किलोंच्या ताणाची ३४ इंची तार मध्यभागी अडीच मिलिमीटर दाबायला सुमारे सव्वादोनशे ग्रॅम बळ लागते. नव्या तारांनंतर मी फूटपट्टी लावून पाहिले तर उंची साडेतीन मिलिमीटर भरली. चोवीस किलोंचा ताण आणि साडेतीन मिलिमीटरची उंची, यांचा हिशेब जवळजवळ ३९० ग्रॅम येतो. विश्वास बसेना म्हणून प्रयोगशाळेतला ताणकाटा तारेच्या मधोमध अडकवून तेवढेच अंतर ओढून पाहिले. काटा चारशेच्या खुणेला टेकला. सव्वादोनशेवरून चारशे! तारेत वहीच्या दोन पानांची भर, आणि त्या मुलीच्या बोटावर पावणेदोनपट ओझे. शिवाय ही तार चौघींत सर्वांत अरुंद. तेवढे बळ ती बोटाच्या बारीक रेषेवर एकवटते. जाड तार रुतते, बारीक तार टोचते. तिने शब्दही बरोबर वापरला होता.

पण उंची वाढली कशी? आम्ही तर घोडीला हात लावला नव्हता. याचे उत्तर गावातल्या एका कारागिराने दिले. त्यांनी गिटार डोळ्यासमोर धरून, बंदुकीचा नेम धरावा तशी, दांडीच्या कडेने नजर टाकली आणि म्हणाले, "बाई, दांडीचं धनुष्य झालंय." चार तारा मिळून दांडीला जणू प्रत्यंचेसारख्या ओढत असतात. ८२ किलोंना सरावलेल्या लाकडावर आम्ही आणखी तेरा किलो चढवले. ते जुने लाकूड पुढे वाकले, आणि मधल्या पडद्यांवर तारा उंच झाल्या. या ओढीला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचा नट थोडा आवळला की दांडी मागे येते. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक पिळू नये, आणि मग लाकडाला थोडा वेळ द्यावा. घाई केल्यास सळई तुटते आणि दांडी निकामी होते. दांडीच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचाही जुन्या तारांच्या मापाच्या होत्या. जाड तार त्यांत पुरती बसत नव्हती, वरच्यावर तरंगत होती. म्हणजे पहिल्या तीन-चार पडद्यांवर, जेथे शिकणाऱ्याचा हात सर्वांत जास्त असतो, तेथेही तार उंच. हे सारे आम्ही केले होते, आणि सराव त्या मुलीला सांगितला होता.

तर मग बारीक तारा सर्वांत उत्तम, असा निष्कर्ष कोणी काढील. तसे नाही. ताण फार उतरला की छेडलेली तार रुंद झोके घेते आणि पडद्यांवर आपटून खडखडते. ती खडखड टाळायला तारा उंच कराव्या लागतात. आणि उंच केल्या की मऊ तारेचा फायदा हातातून निसटतो. जोराने छेडल्यास सैल तारेचा स्वर पहिल्या क्षणी वर चढतो आणि मग खाली येतो. प्रार्थनागीतात हे कानाला फार वाईट लागते. ताठ तार लवकर जागेवर येते, तिचे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. जाड तारेत धातू अधिक, म्हणून तिचा आवाजही भरीव. ज्याचा हात जड आहे त्याला ताठ तारच मानवते. हलक्या हाताच्या वादकाला तीच तार दगडासारखी लागते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन. मोटाउन कंपनीच्या १९६० नंतरच्या दशकातील असंख्य लोकप्रिय गाण्यांत बास यांचा आहे. ते ५२ ते ११० जाडीच्या, चपट्या गुंडाळीच्या तारा वापरीत. त्याही पडद्यांपासून चांगल्या उंच. आणि वाजवीत ते उजव्या हाताच्या केवळ एका बोटाने! आपल्याकडील एखाद्या होतकरू वादकाने हे वाचून तसाच संच मागवला, तर आठवड्यात त्याचा हात भरून येईल. परंतु जेमर्सन मुळात डबल बास वाजवणारे होते. त्या वाद्याची तार सुमारे ४२ इंच लांब, आणि फार उंच. तो हात ज्यांनी कमावला त्यांना गिटारीच्या ११०च्या तारेचे काय भय? थोरांची तार मागवता येते, हात मागवता येत नाही. आमच्या वृंदातील तरुणांना हे मी अनेकदा सांगितले आहे, आणि त्यांनी ते एकदाही ऐकलेले नाही.

उलट बाजूचे उदाहरण पॉल मॅकार्टनी यांचे. १९६१ साली हॅम्बुर्ग येथे त्यांनी जर्मन बनावटीची, व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास गिटार घेतली. तिच्या तारेची लांबी ३० इंच. तारेची जाडी आणि स्वर तोच ठेवून लांबी ३४वरून ३०वर आणली की ताण शेकडा २२ने उतरतो, कारण येथेही वर्गाचाच नियम. लहान हातांच्या मुलांसाठी शाळेने वा चर्चने वाद्य विकत घ्यायचे असेल, तर तारांचा विचार करण्याआधी लांबीचा करावा असे माझे मत आहे. पाच तारांच्या गिटारीत हेच उलट वापरतात. खालच्या ३१ कंपनांच्या स्वरासाठी १२५ वा १३०ची जाडजूड तार लावूनही ती ढिली वाटते, म्हणून काही कारागीर लांबी ३५ इंच करतात. एका इंचाने ताण शेकडा ६ने चढतो.

ज्यांच्या घरी हे वाद्य आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. तारा बदलण्याआधी उतरवलेल्या तारांची जाडी टिपून ठेवावी, आणि बाराव्या पडद्यावरची उंचीही. जाडी बदलली की दांडी, खाचा आणि घोडी या तिन्हींची तपासणी करून घ्यावी. घोडीची जागा मागेपुढे करून प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर बरोबर सप्तक देते की नाही, ते पाहावे. आणि वाजवणारा कुरकुर करू लागला, तर आधी फूटपट्टी काढावी.

त्या बुधवारी संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने चहा ठेवला. मी वहीतले आकडे तिच्यापुढे ठेवले आणि सांगितले, "तुझं बरोबर होतं. चूक माझी." ती काही बोलली नाही. आकड्यांवरून बोट फिरवत राहिली, आणि मग विचारले, "टीचर, हे मोजायचं यंत्र मला दाखवाल?" दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने स्वतः स्क्रू गेजने चारही तारा मोजल्या. आम्ही ४५चा संच मागवला, कारागिरांनी दांडी सरळ केली, आणि फोड बरे होईपर्यंत तिला मी वाद्याला हात लावू दिला नाही. त्यामुळे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला बास मीच वाजवला, आणि दोन ठिकाणी चुकले. ती शेजारी उभी राहून पाने उलटत होती. तिच्या ते लक्षात आले होते, पण बोलली नाही. जानेवारीपासून वाद्य पुन्हा तिच्याकडे गेले.

उतरवलेला ५० ते ११०चा संच वाया गेला नाही. वृंदातला एक तरुण आपल्या मित्रांबरोबर वाजवताना गिटार सबंध एक स्वर खाली लावतो. एक स्वर उतरवला की ताण शेकडा २० हून थोडा अधिक कमी होतो. त्याने त्या तारा मागून नेल्या, आणि चारच दिवसांनी येऊन म्हणाला, "टीचर, या तर अगदी आपल्या जुन्या तारांसारख्याच लागतात." मी पेन्सिल काढली. चोवीस किलोंतून शेकडा वीस वजा जाता जी तारेवर एकोणीस किलोंच्या वर ताण उरत होता. ४५च्या तारेचा ताण आम्ही धरला होता साडेएकोणीस.